गरम मुठी

२०२४ च्या डिसेंबरात मडगावला गोवा एक्स्प्रेसमध्ये बसलो तेव्हा माझ्या बॅगेत ग्वाल्हेरच्या ताईसाठी काजूगर होते, सोलां होती, घरचं खोबरेल होतं (ते तिकडे पोचेपर्यंत थिजून दगड होतं, तरी दर वेळी नेतोच) आणि कपड्यांच्या मधोमध गुंडाळून ठेवलेला एक खोका होता. त्या खोक्यात होता मोटरसायकलच्या हँडलला बसवायच्या, विजेवर तापणाऱ्या मुठींचा जोड. आदल्या दिवशी कचेरीत हे मी बोलून बसलो आणि चहाच्या वेळेला सगळा विभाग हसला. "पिसो जालो काय तूं?" असं एकानं सरळ विचारलं. दुसऱ्यानं सीटही गरम करून घेण्याची सूचना केली. सरकारी कचेरीत सूचना करायला कोणाचं काही जात नाही.

त्यांच्या हसण्यात चूक नव्हती. आम्हा गोंयकारांना थंडी म्हणजे काय ते ठाऊकच नाही. डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा विशीला टेकला की पोदेराच्या सायकलचा भोंगा ऐकू आला तरी माणूस गोधडीबाहेर हात काढत नाही. अशा मुलखातल्या माणसानं हात शेकायची यंत्रं घेऊन हिंडावं हे हास्यास्पदच. पण त्या खोक्यामागे एक गोष्ट होती, ती मी कचेरीत सांगितली नाही. इथे सांगतो.

२०२३ च्या डिसेंबरात मी तानसेन समारोहासाठी ग्वाल्हेरला गेलो होतो. ज्या गोव्यानं केसरबाई केरकर आणि मोगूबाई कुर्डीकर दिल्या त्या गोव्यातल्या गाणंवेड्या माणसानं आयुष्यात एकदा तरी ही वारी करावी, असं मला कॉलेजच्या दिवसांपासून वाटत होतं. माझी मावसबहीण लग्न होऊन तिकडे लष्करात (म्हणजे ग्वाल्हेरच्या लष्कर भागात, शिंद्यांची छावणी जिथे पडली होती तिथे) गेल्यामुळे राहण्याची सोयही होती. समारोहाच्या मुख्य सभा तानसेनाच्या समाधीपाशी होतात. पण एक सकाळची सभा बेहटला असते. बेहट हे तानसेनाचं जन्मगाव, शहरापासून सुमारे ४५ किलोमीटर. तिथे झिलमिल नदीकाठी शंकराचं एक कललेलं देऊळ आहे. तानसेनाच्या तानेनं ते कललं अशी आख्यायिका. मला ती सभा ऐकायची होतीच, पण गर्दी व्हायच्या आत ते देऊळही निवांत बघायचं होतं. म्हणून पहाटेच निघायचं ठरलं. गाडी भाच्याची, जुनी १२५ सीसीची मोटरसायकल. चालवणार तो, मागे मी.

निघताना ताई हातमोजे घेऊन दारात आली. भाच्यानं ते घेतले आणि तिच्यादेखत जॅकेटच्या खिशात कोंबले. "आई, बेहटपर्यंत तर जायचंय. काही होत नाही." ताईनं माझ्याकडे पाहिलं. मी मामा, वडीलधारा. मी म्हणालो, "असू दे गं ताई, तरुण रक्त आहे. आमच्यासारखं थोडंच?" आणि भाच्याच्या पाठीवर थाप मारली. तो खूश झाला. मग मी मागे बसलो आणि माझे स्वतःचे दोन्ही हात, लोकरीच्या मोज्यांसकट, कोटाच्या खिशात घातले.

शहर संपलं तसं धुकं दाटलं. दोन्ही बाजूंनी मोहरीची शेतं, ती दिसतच नव्हती, नुसता ओला वास येत होता. पारा सहाच्या आसपास होता. तीसेक किलोमीटर गेल्यावर समोर अचानक उसाची नसून कडब्याची, पण उसासारखीच रुंद भरलेली ट्रॅक्टरची ट्रॉली दिसली. मागे दिवा नाही, साधी लाल चिंधीसुद्धा नाही. भाच्यानं ब्रेक दाबायला बोटं उचलली. नंतर इस्पितळात त्यानं मला सांगितलं ते असं: "मामा, बोटांना सांगितलं, पण ती आलीच नाहीत." पुढचा ब्रेक हातात असतो. तो लागला नाही म्हणून त्यानं घाबरून पायाचा ब्रेक सगळ्या जोरानं दाबला, मागचं चाक जागच्या जागी अडकलं, दवानं ओल्या रस्त्यावर गाडी आडवी घसरली आणि आम्ही दोघं मोहरीत. मला खरचटलं. त्याचं कॉलरबोन मोडलं. सहा आठवडे हात गळ्यात, आणि कॉलेजची एक परीक्षा गेली ती गेलीच. बेहटची सभा अर्थातच राहिली.

ताई मला एका शब्दानंही बोलली नाही. हे तर फारच वाईट. बोलली असती तर बरं झालं असतं.

परतीच्या प्रवासात दीड दिवस गाडीत बसून मी एकच विचार केला. मी त्या पोराला जी शाबासकी दिली ती कशाची? त्यानं काय पराक्रम केला होता? उघड्या हातानं थंडी सोसली, एवढंच. आपल्याकडे सोसण्याचं कौतुक फार. सोसलं म्हणजे मोठं काम केलं. अनवाणी शाळेत गेलो, कंदिलाखाली अभ्यास केला, तापात कामावर गेलो, हे आपण अभिमानानं सांगतो. त्यातलं पुष्कळसं खरं असतं, आणि तेव्हा दुसरा इलाज नव्हता म्हणून ते सोसलेलं असतं. पण इलाज खिशात असताना सोसणं याला काय म्हणायचं? ते हातमोजे त्याच्या खिशातच होते. पडल्यावर मीच काढून त्याच्या मानेखाली ठेवले.

शिवाय हे सोसणं त्याच्या एकट्याचं नव्हतं. मागे मी होतो. समोरून कोणी शाळेला निघालेलं पोर आलं असतं तर तेही त्या सोसण्यात सामील झालं असतं, त्याला न विचारता.

मी बी.ए. झालो तो मराठी घेऊन. शरीरशास्त्राशी माझा संबंध वैद्यकीय बिलं मंजुरीला पुढे पाठवण्यापुरता. पण घरी आल्यावर हा विषय मी जरा वाचला. थंडी पडली की आपलं शरीर पोटातली, छातीतली ऊब राखायला बघतं आणि त्यासाठी हातापायांकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या आवळून घेतं. बोटं म्हणजे शरीराच्या लेखी सगळ्यात आधी कपात करायचं खातं. आधी दुखतात, मग बधिर होतात, आणि बधिर झाली की दुखायची थांबतात. इथेच माणूस फसतो. त्याला वाटतं, सवय झाली. प्रत्यक्षात पकड गेलेली असते आणि बोट किती वाकलंय हेही नीट कळत नसतं.

त्यात वारा. अमेरिका आणि कॅनडात २००१ पासून वाऱ्यासकट थंडी मोजायचं एक सूत्र वापरतात. त्यात सहा अंश तापमान आणि ताशी ५० किलोमीटरचा वेग घातला तर उत्तर येतं जवळपास शून्य. म्हणजे हवा सहा अंशांवरच असते, हात सहाच्या खाली जात नाहीत, पण उघड्या कातडीची ऊब शून्य अंशाच्या हवेत जावी तशी भराभर जाते. हे झालं एक. दुसरा हिशेब त्याहून सोपा: ताशी ५० च्या वेगानं गाडी एका सेकंदात सुमारे १४ मीटर जाते. बोटांनी एक सेकंद उशीर केला तर ती ट्रॉली १४ मीटर जवळ आली. हे गणित मी भाच्याला नंतर सांगितलं, पण आधी सांगायला हवं होतं.

आता त्या मुठींबद्दल. माझा एक शाळासोबती पोर्तुगीज पासपोर्टवर ब्रिटनमध्ये गेला, आमच्या गावातले असे पुष्कळ गेले. तिथे तो बारा महिने मोटरसायकलनं कामावर जातो. २०२४ च्या चवथीला घरी आला होता, तेव्हा माटोळीखाली बसून मी त्याला बेहटची गोष्ट सांगितली. त्याला माझ्या गोष्टीत नवल वाटलं ते वेगळंच. "पण हीटेड ग्रिप नव्हत्या?" त्यानं विचारलं, जणू मी गाडीला आरसे नसल्याचं सांगत होतो. तिकडे ही वस्तू दुकानात टांगलेली असते, आणि बीएमडब्ल्यूसारख्यांच्या कित्येक गाड्यांवर तर कारखान्यातूनच येते. परत गेल्यावर त्यानं एक जोड गावी येणाऱ्या कोणाबरोबर तरी पाठवून दिला. पैसे घेतले नाहीत.

वस्तू तशी साधी. हँडलच्या रबरी मुठीसारखीच मूठ, आत तापणारी तार गुंडाळलेली, तिला गाडीच्या बॅटरीतून १२ व्होल्टचा पुरवठा, आणि कमी-जास्त करायला एक बटण. इस्त्रीत जे होतं तेच, फार सौम्य. पूर्ण तापवली तर जोडीला साधारण ४ अँपिअर लागतात. १२ गुणिले ४ म्हणजे ४८ वॉट, हे भाच्यानं मला शिकवलं. लहान मोटरसायकलचा पुढचा दिवा ३५ वॉटचा असतो. म्हणजे या दोन मुठी दिव्यापेक्षाही खादाड. मोठ्या गाडीला हे जड जात नाही, पण १२५ सीसीच्या गाडीत वीज बनते ती मोजकीच. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागेल.

ताईच्या घरामागच्या गल्लीत एक मिस्त्री आहेत. त्यांच्या टपरीवर आम्ही तिघं एक पूर्ण दुपार बसलो. त्यांनी आयुष्यात ही वस्तू बसवली नव्हती, पण खोक्यातला कागद न वाचता निम्म्या गोष्टी त्यांनी बरोबर सांगितल्या. जुन्या मुठी त्यांनी कापून काढल्या. डावी मूठ थेट हँडलच्या लोखंडी नळीवर बसते. उजवी बसते ॲक्सिलरेटरच्या प्लास्टिकच्या नळकांड्यावर, म्हणून तिचं भोक थोडं मोठं असतं. डावी-उजवी अदलाबदल चालत नाही. त्या नळकांड्यावर रबर घट्ट बसावं म्हणून बारीक उंचवटे असतात, ते नवी मूठ जाईना म्हणून कानशीनं घासावे लागले. मग गोंद. हा गोंद इतक्या लवकर धरतो की मूठ वाकडी बसली तर वाकडीच राहते. आमची डावी जराशी वाकडी आहे.

खरी काळजी घ्यायची ती उजव्या मुठीच्या वायरची. ती मूठ फिरते, म्हणून वायरही तिच्याबरोबर फिरली पाहिजे. ढील कमी ठेवली तर वायर तुटते, जास्त ठेवली तर कुठेतरी अडकते, आणि ॲक्सिलरेटर अडकून राहिला तर बधिर बोटांपेक्षाही मोठं संकट. मिस्त्रींनी हँडल पूर्ण डावीकडे, मग पूर्ण उजवीकडे वळवून दोन्ही वेळा मूठ पिळून सोडून दिली. स्वतःहून खाडकन मागे आली पाहिजे. पहिल्यांदा आली नाही. वायर पुन्हा सोडून पुन्हा बांधली. हे त्यांनी पाच-सहा वेळा केलं, एकदाही कंटाळा न करता. तुमच्यापैकी कोणी हे घरी बसवणार असेल तर बाकी काहीही विसरा, हे विसरू नका.

विजेच्या जोडणीत मात्र आमचं चुकलं, आणि चूक माझी. संध्याकाळ व्हायला आली होती, घाई होती, म्हणून मी म्हणालो थेट बॅटरीला जोडा. मिस्त्री नको म्हणत होते. रात्री भाचा बटण बंद करायला विसरला आणि सकाळी बॅटरी मेलेली. ४ अँपिअर-तासांची बॅटरी, ती ४ अँपिअरला किती वेळ पुरणार? नशीब की गाडीला किक होती. दुसऱ्या दिवशी मिस्त्रींनी न बोलता रिले बसवला. ही एक लहानशी डबी. किल्ली फिरवली की मागच्या दिव्याच्या वायरीतून तिला इशारा मिळतो, ती टक् असा आवाज करते आणि मगच बॅटरीतून मुठींकडे वीज सोडते. किल्ली काढली की बंद. मधे ५ अँपिअरचा फ्यूज. हे सगळं आदल्या दिवशी वीस मिनिटांचं काम होतं.

चालवून बघितलं तेव्हा दोन गोष्टी कळल्या. पहिली, डावी मूठ उजवीपेक्षा गार. कारण डावीखाली लोखंडी नळी आहे, ती ऊब ओढून नेते, आणि उजवीखाली प्लास्टिक आहे, ते ऊब धरून ठेवतं. चांगले कारखाने डाव्या मुठीला थोडी जास्त वीज देऊन हा फरक भरून काढतात. आमच्या जोडात तेवढी कसर राहिली. मिस्त्रींनी डाव्या नळीला आतून काही भरून बघू म्हटलं, ते राहूनच गेलं.

दुसरी गोष्ट महत्त्वाची. मुठी तळव्याला तापवतात, आणि वारा लागतो तो बोटांच्या पाठीला. पूर्ण आचेवर ठेवूनही भाच्याची नखं निळीच. शिवाय पूर्ण आचेवर गाडी सिग्नलला उभी असली की दिवा मंद होत होता. खादाडपणाचा तो मुद्दा इथे आडवा आला. म्हणजे एवढ्या लांबून आणलेली वस्तू, दोन दिवसांची खटपट, आणि उत्तर अर्धंच.

उरलेलं अर्धं उत्तर समोरच्या भिंतीला टेकून उभं होतं. गल्लीत दूध घालणाऱ्या भैयाची मोटरसायकल. दोन्ही बाजूंना कॅन, आणि हँडलला रेक्झिनचे, आतून घोंगडीचं अस्तर लावलेले मोठे मोजे. ब्रेक, क्लच, मूठ सगळं त्यांच्या आत. माणूस वरून नुसता हात घालतो. उत्तरेत हिवाळ्यात ही वस्तू जागोजागी दिसते आणि काही शे रुपयांत मिळते. वारा तिथेच अडतो. मी भाच्याला म्हणालो, हे लाव. तो म्हणाला, "नको मामा, दूधवाल्यासारखं दिसतं."

हे वाक्य ऐकून मला राग आला, आणि मग लक्षात आलं की आदल्या वर्षी खिशात गेलेल्या हातमोज्यांचं कारणही हेच होतं. थंडी लागत नव्हती असं नाही. हातमोजे घालणं म्हाताऱ्यांचं, आईचं ऐकणाऱ्यांचं. रेक्झिनचे मोजे दूधवाल्याचे. पण ब्रिटनहून आलेल्या विजेच्या मुठी चालतात! त्या दाखवायला चालतात, म्हणून सोसवतात. ज्या माणसाला वर्षातले नव्वद दिवस पहाटे चारला गाडीवर निघायचं असतं त्याला हाताचं शास्त्र आपल्याआधी कळलेलं आहे, आणि ते आपण शिकत नाही कारण तो कॅन वाहतो.

गोव्यात आपल्याला हसायला जागा नाही. आपल्याकडे थंडी नाही, पण लाज आहे. काळ्या-पिवळ्या मोटरसायकलवरचा आपला पायलट पावसात गुडघ्यापर्यंत प्लास्टिक गुंडाळून बसतो. तसं प्लास्टिक गुंडाळून ऑफिसला यायची आपल्यापैकी कितीजणांची तयारी आहे? भिजत येऊ, शिंकू, रजा टाकू. हेल्मेट कोपरात अडकवून फिरणाऱ्यांबद्दल तर लिहायलाच नको. आणि गरम मुठी गोव्यातही मी पाहिल्यात बरं का, एका बुलेटवर. मालक एकदा लडाखला जाऊन आला होता. खार्दुंग ला, उमलिंग ला, सगळं झालं. १९,०२४ फुटांवर उमलिंग लाच्या रस्त्याला या मुठी हव्यातच, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण आता मिरामारच्या किनाऱ्यावर संध्याकाळी त्या नुसत्या शोभेला. हौसेला मोल नसतं, असो.

माझं म्हणणं त्या हौशी माणसाबद्दल नाहीच. पंधरा दिवस लडाखला जाणारा विचार करून, पैसे खर्चून, हात गरम ठेवतो. आणि ग्वाल्हेर, इंदूर, दिल्लीकडे हिवाळाभर पहाटे मोटरसायकलवर ज्यांचं पोट आहे ते वर्तमानपत्रवाले, दूधवाले, घरोघरी खोके पोचवणारे, रात्रपाळीचे पोलीस यांच्या हातांचा विचार कोणी करायचा? त्यांना गणवेश देणारे गणवेशात टोपी देतात, टी-शर्ट देतात, पाठीवर कंपनीचं नाव तर मोठ्ठं देतात. हिवाळ्यात एक हातमोजा आणि एक रेक्झिनचा जोड द्यायला काय हरकत आहे? सरकारी खरेदीत मी थोडीफार वर्षं काढली आहेत. याहून निरुपयोगी वस्तूंच्या फायली माझ्या हाताखालून सुरळीत गेल्या आहेत. आणि मोटरसायकल बनवणारे? पणजीला जी गाडी विकायची तीच ग्वाल्हेरला, हँडलसुद्धा तेच. चाळीस अंश उन्हाळा आणि पाच अंश हिवाळा असलेल्या मुलखात त्या गाडीला निदान वारा अडवणारं एक कवच तरी असावं. गरम मुठी लाखालाखांच्या गाड्यांवर राहू देत.

मुठींचा उपयोग काय मग? आहे. तो आम्हाला रेक्झिनचे मोजे लावल्यावर कळला. (लावले. कसे, ते सांगत नाही. ताईनं एक संध्याकाळ त्याला समोर बसवून घेतलं एवढंच.) मोजे वारा अडवतात, पण स्वतः ऊब निर्माण करत नाहीत. आत गरम मूठ असली की ती ऊब आतच राहते, सगळ्यात कमी आचेवर भागतं आणि गाडीचा दिवाही मंद होत नाही. म्हणजे दूधवाल्याची अक्कल आधी, ब्रिटनची वीज नंतर. उलटा क्रम लावला तर दोन्ही वाया. फक्त मोजे विकत घेताना हात पटकन आतबाहेर होतो का ते बघावं, आणि वेगात वाऱ्यानं दबून ते ब्रेकच्या दांडीवर टेकत नाहीत ना हेही. आमचा पहिला जोड टेकत होता, मागचा लाल दिवा उगाच लागून राहायचा. आत जाडशी तार वाकवून घातल्यावर तो दोष गेला.

२०२४ चा तानसेन समारोह शंभरावा होता. गर्दी विचारू नका. बेहटला आम्ही पुन्हा मोटरसायकलनंच गेलो. ताईनं हातमोजे दिले, भाच्यानं दारातच घातले, आणि मी या वेळी तोंड बंद ठेवलं. धुकं होतं, पण आदल्या वर्षीइतकं नव्हतं. मोहरी दिसत होती. ती जागा आली तेव्हा दोघंही काही बोललो नाही, त्यानं वेग मात्र कमी केला.

मंडपामागे लाकडं पेटवली होती आणि तिथे एक तबलजी उकिडवे बसून हात शेकत होते. आधी तळवे, मग बोटांची पाठ, मग बोटं एकेक करून वाकवत, सरळ करत. बराच वेळ. आजूबाजूला माणसं उभी होती, कोणी त्यांना नाजूक म्हटलं नाही. उलट एकजण त्यांच्यासाठी आणखी लाकूड आणायला पळाला.

भाचा गाडी लावून आला, हातमोजे काढले आणि आपला तळवा माझ्या गालावर ठेवला. ऊन होता. "बघा मामा." मी खिशातून माझा हात काढून त्याच्या मानेवर ठेवला तसा तो ओरडलाच. लोकरीचे मोजे, खिसा, सगळं असून माझे हात बर्फ झाले होते.

"पुढच्या वेळी मागच्या सीटचंही काहीतरी बघा," मी म्हणालो. तो म्हणाला, मिस्त्रींना विचारतो, पण बॅटरी पुरायची नाही.